पगाराची कमाल मर्यादा आणि संघातला जुना माणूस

कामगार आणि मालक यांच्यातल्या करारांबद्दल आपण गेले काही आठवडे बोलतो आहोत. आज एक निराळा कामगार घ्यायचा आहे. तो हेल्मेट घालून काम करतो, वर्षाला लाखो डॉलर मिळवतो, आणि तरीही एके दिवशी त्याच्या हातात नारळ दिला जातो. आम्ही अमेरिकन फुटबॉलपटूबद्दल बोलतो आहोत. गोव्यात, कोल्हापुरात खेळतात ते फुटबॉल नव्हे. हा लांबट चेंडूचा, चेंडू हातात धरून पळायचा खेळ, आणि त्याची मोठी व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. खेळाचे नियम माहीत नसले तरी अडणार नाही. आज आपल्याला लागणार आहे तो मुख्यतः जमाखर्च.

फिल सिम्स नावाचा एक खेळाडू. न्यूयॉर्क जायंट्स या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, डाव चालवणारा माणूस. १९७९ मध्ये संघात आला तो पंधरा हंगाम तिथंच राहिला. जानेवारी १९८७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, त्यानं पंचवीसपैकी बावीस फेकी अचूक टाकल्या आणि सामनावीर ठरला. १९९३ च्या हंगामात वयाच्या अडतिसाव्या वर्षाकडे जाताना तो सगळे सोळा सामने खेळला, संघानं अकरा जिंकले. हंगामानंतर खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. आणि जून १९९४ मध्ये जायंट्सनी त्याला मोकळं केलं.

खेळ उतरला होता का? तसं म्हणता येत नाही. मालकाशी भांडण? तेही नाही. संघाचे मालक वेलिंग्टन मारा यांनी त्या दिवशी जाहीरपणे दुःख व्यक्त केलं. कारण एकच होतं. त्या वर्षीपासून एनएफएलमध्ये नवा नियम लागू झाला होता : प्रत्येक संघानं खेळाडूंच्या पगारावर जास्तीत जास्त ३ कोटी ४६ लाख डॉलर खर्च करायचे, त्यावर एक डॉलर नाही. याला म्हणतात सॅलरी कॅप. सिम्सचा पगार त्या चौकटीत बसत नव्हता. जायंट्सचे जनरल मॅनेजर जॉर्ज यंग हे मुळात बाल्टिमोरमध्ये शाळेत इतिहास शिकवणारे मास्तर, बरं का. हिशेब त्यांनी मांडला, आणि सिम्स गेला. पुढल्याच वर्षी त्याच संघानं समारंभ करून त्याची ११ नंबरची जर्सी सन्मानानं निवृत्त केली. म्हणजे सन्मान द्यायला कुणाची ना नव्हती. पगाराला जागा नव्हती.

आता साहजिक वाटतं की हा नियम मालकांनी खेळाडूंवर लादला असणार. इतिहास इथेच जरा गुंतागुंतीचा आहे, आणि आजचं व्याख्यान त्यासाठीच.

थोडं मागं जाऊ. १९६० च्या दशकात एनएफएलच्या खेळाडूचा करार संपला तरी तो खऱ्या अर्थानं मोकळा होत नसे. कमिशनर पीट रोझेल यांच्या नावानं ओळखला जाणारा एक नियम १९६३ पासून होता. करार संपलेला खेळाडू तुम्ही घेतलात, तर त्याच्या जुन्या संघाला भरपाई द्यायची. आणि ती किती, कोणत्या खेळाडूंच्या रूपानं, हे कमिशनर ठरवणार. उद्या आपला एखादा उमदा खेळाडू भरपाईत जाईल, या धास्तीनं कोण कुणाला घेणार? कागदावर माणूस मोकळा, प्रत्यक्षात दावणीला. पगाराला कमाल मर्यादा नव्हती, पण गरजही नव्हती, कारण बोली लावायला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं.

बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉन मॅकी या नियमाविरुद्ध कोर्टात गेला. १९७० मध्ये दोन लीग एक झाल्या, त्यानंतरच्या खेळाडू संघटनेचा तो पहिला अध्यक्ष. १९७६ मध्ये अपील कोर्टात तो जिंकला. परंतु कोर्टात जिंकलेलं संघटनेनं वाटाघाटीच्या टेबलावर पुष्कळसं परत दिलं, आणि भरपाईची पद्धत नव्या रूपात चालूच राहिली. मॅकीला उतारवयात स्मृतिभ्रंशानं गाठलं. अशा माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी २००७ मध्ये जी मदत योजना निघाली, तिला त्याच्या जर्सीवरून '८८ प्लॅन' असं नाव आहे. सुरुवातीला तिची मर्यादा होती वर्षाला जास्तीत जास्त ८८ हजार डॉलर.

मग येतं १९८२. आपल्याकडे मुंबईत त्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत फुटबॉलपटू संपावर गेले, ५७ दिवस. दोन संपांची तुलना आम्ही करणार नाही, पोटाची आग सारखी नव्हती. पण फुटबॉलपटूंची मागणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी वैयक्तिक पगारवाढ मागितली नाही. त्यांनी मागितला वाटा : लीगच्या एकूण उत्पन्नाच्या ५५ टक्के रक्कम खेळाडूंची. मालकांना हे भयंकर वाटलं. उत्पन्नात टक्केवारी म्हणजे भागीदारीच की! मागणी फेटाळली गेली.

मंडळी, खेळाडूंच्या पगाराची एकूण रक्कम उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांशी बांधायची, ही कल्पना प्रथम खेळाडूंनी मांडली होती. ती आली होती किमान हक्क म्हणून. अकरा वर्षांनी ती मंजूर झाली तेव्हा तिची बाजू उलटली होती. किमानाचं कमाल झालं होतं.

मधली हकीकत भरभर सांगतो. १९८७ मध्ये पुन्हा संप झाला. मालकांनी तीन आठवडे बदली खेळाडू उतरवून सामने चालवले आणि संप मोडला. संघटनेनं मग एक विलक्षण डाव टाकला. १९८९ मध्ये तिनं स्वतःलाच कामगार संघटना म्हणून विसर्जित केलं. का? तर संघटना आहे तोवर कोर्ट म्हणत होतं, आपसात वाटाघाटी करा. संघटनाच नाही म्हटल्यावर एकटा खेळाडू मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दाद मागू शकत होता. याच सुमारास मालकांनी एक योजना आणली होती : प्रत्येक संघानं ३७ खेळाडू राखून ठेवायचे, उरलेल्यांना हवं तिथं जायची मुभा. म्हणजे ज्यांना बाजारात भाव आहे ते बांधलेले, आणि उरलेसुरले, त्यात वय झालेले पुष्कळ, ते स्वतंत्र! न्यूयॉर्क जेट्सचा फ्रीमन मॅकनील आणि आणखी सात जणांनी खटला भरला. सप्टेंबर १९९२ मध्ये मिनिॲपोलिसच्या ज्यूरीनं ही योजना बेकायदा ठरवली. पाठोपाठ रेगी व्हाइटच्या नावानं सगळ्या खेळाडूंच्या वतीनं दावा उभा राहिला आणि मालक तडजोडीला आले.

१९९३ चा करार तो हाच. खेळाडूंच्या बाजूनं जीन अपशॉ, स्वतः जुना नाणावलेला खेळाडू. मालकांच्या बाजूनं कमिशनर पॉल टॅग्लियाब्यू, पेशानं वकील. देवाणघेवाण अशी : ठरावीक वर्षं खेळलेल्या आणि करार संपलेल्या खेळाडूला कुठल्याही संघाकडे जाता येईल. बदल्यात सगळ्या संघांच्या पगाराला कमाल मर्यादा, उत्पन्नाच्या टक्केवारीशी बांधलेली. रेगी व्हाइट स्वतः लगेच फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बेला गेला, चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरवर. स्वातंत्र्य खरं होतं, पैसाही खरा होता. कुणाची फसवणूक झाली असं आम्ही म्हणणार नाही.

पण या कराराचा हप्ता भरला कुणी? पूर्वी जुन्या खेळाडूला जाता येत नव्हतं. आता त्याला राहता येईना. सिम्स पहिल्याच वर्षी गेला.

हे का होतं, ते समजण्यासाठी एक काल्पनिक करार मांडू. आकडे सोपे घेतो. पाच वर्षांचा करार, सही करतानाच २ कोटी डॉलर बोनस. हा बोनस खेळाडूच्या हातात आधीच पडतो, पण कॅपच्या वहीत तो पाच वर्षांवर सारखा वाटून लिहितात, दरवर्षी ४० लाख. तुमच्यापैकी जे वाणिज्य शाखेचे असतील त्यांना यात घसाऱ्याची पद्धत ओळखीची वाटेल. आता संघ काय करतो, पहिल्या वर्षांचा पगार कमी ठेवतो आणि शेवटच्या वर्षांचा वाढवत नेतो. समजा चौथ्या वर्षी पगार आहे १ कोटी. तर त्या वर्षी कॅपवर बोजा १ कोटी ४० लाख. त्याला काढून टाकलं तर? पगार वाचला, कारण तो बहुधा हमी दिलेला नसतो. पण बोनसचे राहिलेले दोन हप्ते, म्हणजे ८० लाख, एकदम त्या वर्षीच्या वहीत येऊन पडतात. निव्वळ बचत ६० लाख. आणि जे ८० लाख उरतात, ते संघात नसलेल्या माणसाच्या नावानं. याला तिथं 'डेड मनी' म्हणतात. १ जूननंतर काढलं तर ८० लाखांचे दोन भाग होतात, ४० यंदा, ४० पुढच्या वर्षी; म्हणजे यंदाची बचत पुरती १ कोटी.

आता बघा, करार असा रचलेला आहे की माणसाचं शरीर ज्या वर्षी उताराला लागतं, नेमका त्याच वर्षी त्याचा आकडा वहीत सगळ्यात मोठा दिसतो. त्याचं वय काही कुणी लपवलेलं नव्हतं. सही करतानाच दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की शेवटची दोन वर्षं बहुधा कागदावरच राहणार. वृत्तपत्रात मात्र छापून येतं, अमुक कोटींचा करार!

१९९५ मध्ये डॅलसनं डिऑन सँडर्सला सात वर्षांसाठी साडेतीन कोटींवर घेतलं. त्यातला जवळपास १ कोटी ३० लाख बोनस, आणि पहिली काही वर्षं पगार अगदी किमान. लीग खवळली, नियम बदलले. तरी आजचा भागवू, उद्याचं उद्या, ही वृत्ती गेली नाही. ती कशी जाणार? उद्याच्या हिशेबाला बळी पडणारा माणूस आज टेबलावर नसतो.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा एक मुद्दा त्या बाजूनं मांडू द्या. रॉबर्ट नोझिक नावाच्या तत्त्वज्ञानं १९७४ च्या आपल्या पुस्तकात विल्ट चेंबरलेन या बास्केटबॉलपटूचं उदाहरण घेतलं आहे. तुम्ही समाजात संपत्तीची कोणतीही आवडती वाटणी करून द्या. लोक आपखुशीनं प्रत्येकी पंचवीस सेंट चेंबरलेनचा खेळ बघायला देतील, आणि हंगामाअखेर तुमची वाटणी विस्कटलेली असेल. ती पुन्हा नीट करायची तर सतत हात घालावा लागेल. नोझिकला हा हस्तक्षेप अन्याय्य वाटे. गंमत अशी की भांडवलशाहीचा बालेकिल्ला म्हणावा अशा देशात, त्यातल्या सर्वांत श्रीमंत लीगनं, नेमकं हेच केलं. सगळे संघ सारखे राहावेत म्हणून दरवर्षी मार्चमध्ये हात घालायचा. पण वाटणी नीट करण्यासाठी हात घातला जातो तो मालकांच्या नफ्यात नव्हे, खेळाडूंच्या यादीत.

आणि इथं कृतज्ञतेचा प्रश्न येतो. संस्था कृतज्ञ असू शकते का, हा जुना वाद आहे. माणूस असतो, हे तर नक्की. कॅप येण्यापूर्वी एखाद्या मालकाला वाटलं, या माणसानं आपल्यासाठी गुडघे झिजवले, आणखी एक वर्ष ठेवू, तर तो ठेवू शकत होता. पैसा त्याच्या खिशातून जाई. कॅपनंतर मालकाची इच्छा असली तरी तो डॉलर येतो दुसऱ्या खेळाडूच्या ताटातून. म्हाताऱ्या क्वार्टरबॅकला ठेवायचं, तर एखाद्या तरुण लाइनमनची बढती अडते. कृतज्ञता दाखवण्याचा खर्च आता सहकाऱ्यांवर पडतो. मालक विरुद्ध खेळाडू हा जुना झगडा अशा रीतीनं खेळाडू विरुद्ध खेळाडू झाला, आणि मालकाला दुःख व्यक्त करायची मोकळीक मिळाली. मारा यांचं दुःख खोटं होतं असं आम्हाला वाटत नाही. ते खरं होतं आणि त्याला काही खर्च नव्हता.

पुढची यादी मोठी आहे. जेरी राइस, सॅन फ्रान्सिस्कोत सोळा हंगाम. कॅपच्या ओझ्याखाली दबलेल्या संघानं २००१ मध्ये त्याला सोडलं. तो खाडीपलीकडे ओकलंडला गेला आणि जानेवारी २००३ मध्ये सुपर बोल खेळला. एमिट स्मिथनं ऑक्टोबर २००२ मध्ये धावून मिळवलेल्या यार्डांचा सर्वकालीन विक्रम डॅलससाठी मोडला; फेब्रुवारी २००३ मध्ये, चार महिन्यांत, डॅलसनं त्याला सोडलं. डिमार्कस वेअर हा डॅलसचा सॅकचा विक्रमवीर, म्हणजे प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला सर्वांत जास्त वेळा पाडणारा. तो २०१४ मध्ये गेला, डेन्व्हरला. तिथं त्याला भेटला पेटन मॅनिंग, ज्याला इंडियानापोलिसनं मार्च २०१२ मध्ये २ कोटी ८० लाखांचा बोनस देय होण्याच्या तोंडावर सोडलं होतं. मॅनिंगच्या बाबतीत मानेच्या शस्त्रक्रिया होत्या, समोर नवा क्वार्टरबॅक निवडायची संधीही होती. नुसत्या कॅपवर बोट ठेवता येणार नाही. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये डेन्व्हरनं सुपर बोल जिंकला तेव्हा नारळ मिळालेले हे दोघेही मैदानात होते.

एकानं चिठ्ठी पाठवली आहे : 'लाखो डॉलर मिळवणाऱ्यांसाठी आपण का हळहळावं?' रास्त आहे. उत्तर दोन भागांत देतो. एक, आम्ही नावं घेतली ती शिखरावरची. बहुतेकांची कारकीर्द तीन-चार वर्षांत आटोपते आणि शरीर मात्र जन्मभर हिशेब मागतं. दुसरं जास्त महत्त्वाचं. संघटनेनं एक चांगलं काम केलं होतं : जितकी वर्षं नोकरी, तितका किमान पगार जास्त. कुणालाही न्याय्य वाटेल. पण कॅपखाली त्याचा परिणाम उलटा झाला. बाकावरच्या जागेसाठी दहा वर्षांचा अनुभवी माणूस नवख्यापेक्षा महाग ठरला, म्हणून नवखा आला. संरक्षणाच्या तरतुदीनंच माणूस बाहेर गेला! मग पुढे नियमात दुरुस्ती करावी लागली की जुन्या खेळाडूला किमान पगार त्याच्या सेवेप्रमाणे मिळेल, पण संघाच्या कॅपवर तो दोन वर्षांच्या खेळाडूइतकाच धरला जाईल. हे आपल्याला अगदी परकं नाही. आयपीएलमध्येही प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते. २०२५ च्या हंगामासाठी चेन्नईनं महेंद्रसिंग धोनीला ४ कोटींत राखलं, 'अनकॅप्ड' म्हणून, कारण पाच वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेटपासून दूर असलेल्या भारतीय खेळाडूला तसं धरायचा नियम होता. भारताला विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार कागदावर नवखा झाला, तेव्हा कुठे तो थैलीत बसला.

दुसरा मार्ग नव्हता का? होता. अमेरिकेतल्याच बास्केटबॉल लीगनं, एनबीएनं, १९८४-८५ मध्ये कॅप आणली, फुटबॉलच्या दहा वर्षं आधी. पण तिथं स्वतःचा खेळाडू राखण्यासाठी मर्यादा ओलांडायची मुभा ठेवली. बोस्टनच्या लॅरी बर्डवरून त्या अपवादाला नाव पडलं. म्हणजे जुन्या माणसाला ठेवण्याची वाट कायद्यातच सोडता येते. फुटबॉलच्या मालकांना ती नको होती, आणि १९९३ मध्ये संघटनेनं तिच्यासाठी हटून बसणं पसंत केलं नाही. आमच्या मते हे तिचं मोठं चुकलं.

२०११ च्या करारात आणखी एक वळण आलं. नवख्यांचे पगार बांधून टाकले. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटींची हमी होती; २०११ मध्ये त्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनचा सगळा करार २ कोटी २० लाखांचा. वाचलेला पैसा जुन्यांकडे जाईल असं सांगितलं गेलं. थोड्या मोठ्या नावांकडे तो गेलाही. पण नवखा जितका स्वस्त, तितका मधला अनुभवी माणूस महाग दिसतो, ही साधी गोष्ट आहे.

कॅप बहुतेक वर्षी वाढतच आली, २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख होती. मात्र महामारीनंतर, २०२१ मध्ये, १९ कोटी ८२ लाखांवरून ती १८ कोटी २५ लाखांवर घसरली आणि ठिकठिकाणी जुन्यांवर कुऱ्हाड पडली. न्यू ऑर्लिन्सचा ड्रू ब्रीस त्या वर्षी निवृत्त होणार, हे सगळ्यांना कळत होतं. त्यानं आधी आपला अडीच कोटींचा पगार किमान पातळीवर, १० लाख ७५ हजारांवर आणून घेतला, संघाच्या वहीत जागा व्हावी म्हणून. निवृत्त व्हायचं तेही वही बघून.

शेवटचं उदाहरण अगदी अलीकडचं. डेन्व्हरनं मार्च २०२४ मध्ये रसेल विल्सनला सोडलं. डेड मनी किती? दोन वर्षांत मिळून ८ कोटी ५० लाख डॉलर, तोवरचा विक्रम. विल्सन पिट्सबर्गला गेला. डेन्व्हर त्याला हमीचे पैसे देणं लागतच होतं, म्हणून पिट्सबर्गनं त्याला किमान पगार दिला, १२ लाख १० हजार. म्हणजे माणूस एका संघात, त्याचा बोजा दुसऱ्या संघाच्या वहीत. डेन्व्हरनं नव्या पगारपट्टीतला एक नवखा क्वार्टरबॅक, बो निक्स, आणला आणि त्याच हंगामात संघ प्लेऑफला पोहोचला. २०२५ मध्ये विल्सन एका वर्षाच्या करारावर न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला, आणि त्याच्या नावाचे सुमारे ३ कोटी २० लाख त्या वर्षीही डेन्व्हरच्या खात्यावर मांडलेले होते.

आणखी दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या आता घेऊ.